वडझिरीच्या गायरानातली चार अंडी

१९७७ सालच्या पोळ्याला, ऐन दुपारी, एक म्हातारी कारंज्यात फय्याजच्या सायकल दुकानासमोर येऊन उभी राहिली. तिच्या पायात चप्पल नव्हती आणि श्वास लागला होता.

"हरवलेलं शोधून देनारे वानखडे इथंच राह्यते काय?"

"वरच्या माडीवर," फय्याज म्हणाला. "काय हरवलं, मावशी?"

"हरवलं नाही अजून. उद्या दुपारी एक माणूस हरवीन."

फय्याजने हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडली आणि तिला घेऊन माडी चढला.

देवमन वानखडे यांनी बारा वर्षं रेल्वेत चुकलेली पार्सलं शोधली होती. मूर्तिजापूरला उतरायची पेटी यवतमाळला कशी गेली, हे ते पेटीवरच्या धुळीवरून सांगत. नोकरी सोडून त्यांनी कारंज्यात 'खाजगी तपास' अशी पाटी लावली तेव्हा गाव हसलं. हसला नाही तो एकटा फय्याज. त्याने माडी जवळजवळ फुकट दिली, अट एकच घातली, की प्रत्येक तपासात सोबत न्यायचं. आजवरच्या नऊ तपासांत त्याने नऊ चुकीची माणसं पकडून दिली होती, पण उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता.

"बसा मावशी," देवमन म्हणाले. "आधी पाणी प्या. मग सांगा."

म्हातारीचं नाव गंगूबाई. कामरगावपासून दोन कोसांवरच्या वडझिरीच्या बौद्धवाड्यात राहणारी, दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करणारी.

"आमच्या गायरानात तणमोर हाय. तणमोर माईत हाय ना? कोंबडीएवढं पाखरू. गवतात अंडे घालते. आता ते दुनियेतून संपून राह्यलं म्हनते. म्हनून सरकारनं आमच्या गावाले अनुदान देलं. साठ एकर गवत दसऱ्यापस्तोर कापाचं नाही, चाराचं नाही. त्या पैशातून राखनदार ठेवला. बाबूसिंग पारधी."

"पारधी राखणदार?" फय्याज म्हणाला. "म्हंजे मांजराले दुधाची राखन."

गंगूबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"साऱ्या गावानं हेच म्हनलं होतं. पन दोन सालात त्यानं एका पाखराले धक्का लागू देला नाही. काल सांजच्याले मी माणिकराव सरपंचाच्या वावरातून निंदून घरी आली. त्याच्या कबऱ्या बैलाचा डवरा, पिकातलं तन काढाचा, चार वाजता सुटला, तवा आमीबी सुटलो. घरी येऊन पाह्यतो तं सून भागिरथा अडलेली. मूल आडवं. कामरगावच्या दवाखान्यात न्याव तं बैलगाडी पाहिजे. साऱ्या गावात फिरली. कोनी गाडी देली नाही."

"काहून?" फय्याजने विचारलं.

"काल खांदशेकणी होती ना," देवमनच म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुऊन त्यांचे खांदे लोणी-हळदीने चोळतात, शेकतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं त्यांना सांगतात. वर्षभर जू ओढणाऱ्या जनावराचे आभार मानायची ती वेळ. एकदा खांदा शेकला की पोळा सरेपर्यंत त्यावर जू ठेवायचं नाही. मग घर पेटलं तरी.

"मी कोनाले दोष देत नाही," गंगूबाई म्हणाली. "रीत हाय. पन बाबूसिंग गायरानातून धावत आला. चौघांनी खाट उचलली अन् दोन कोस चिखलातून नेली. रातच्या आठाले भागिरथेले पोरगी झाली. दोघी जित्या हायेत. डाक्टरीण म्हने, घंटाभर उशीर झाला असता तं दोघीबी गेल्या असत्या."

तिने पदराने तोंड पुसलं.

"अन् आज सकाळी अनुदानाचे साहेब आले. तणमोराच्या अंड्याच्या जागी कोंबडीचे अंडे, चिखल फासलेले. बाबूसिंगच्या चुलीत टरफलं. साहेब म्हनते, यानं अंडे खाल्ले अन् कोंबडीचे ठेवून सरकारले फसवलं. उद्या दुपारी कागद करून पोलिसात देनार. माह्याजवळ देयाले काही नाही, दादा. पन ज्यानं माही सून वाचवली त्याले बेड्या पडताना मी पाह्यत बसू काय?"

देवमन टोपी घालून उठले. "उपकार फेडायला एवढं चालत आलेल्या माणसाकडून मी फी घेत नाही. चला, दीडची एसटी मिळेल."

·

वडझिरी फाट्यावर उतरल्यावर गावाच्या वाटेवर डावीकडे एक दगडाळ पडीक तुकडा लागला. दोन टिटव्या त्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या. खाली उतरायच्या, चार पावलं टाकायच्या, पुन्हा ओरडत उडायच्या.

"हे बरड कोणाचं?"

"माणिकरावचं. सकाळपासून बोंबलून राह्यल्या," गंगूबाई म्हणाली.

"टिटवी ओरडली की वंगाळ होते म्हनते," फय्याजने माहिती पुरवली.

"टिटवीच्या बाबतीत वंगाळ आधी होतं, मग ती ओरडते," देवमन म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तपासणी अधिकारी काळमेघ शाळेच्या व्हरांड्यात बसले होते. तरुण, नीटनेटके, मनापासून दुखावलेले. या अनुदानासाठी आपण किती दारं झिजवली, हे त्यांनी आधी सांगितलं. पुढच्या वर्षाचा हप्ता अंडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मिळत नव्हता, म्हणून ते स्वतः आले होते.

"काल दुपारी कारंज्याला पोहोचलो. सरपंच माणिकराव मोटारसायकलवरून मला भेटायला तिथेच आले होते. ते रात्री एका नातेवाइकाकडे राहिले, मी विश्रामगृहात. आज सकाळी माझ्याच जीपमधून आम्ही दोघं इथे आलो. आल्यापासून ते माझ्यासोबत आहेत. खरं तर झडती घेऊ नका, गरीब माणूस आहे, असं तेच म्हणत होते. मीच घ्यायला लावली."

त्यांनी कागदाची पुडी उघडली. आत टरफलांचे मोठे मोठे तुकडे होते. मातकट रंग, त्यावर काळे डाग. एका तुकड्याचं टोक चांगलंच निमुळतं होतं. काही तुकड्यांवर तेलकट पिवळसर ठसे होते.

"हळद," काळमेघ म्हणाले. "शिजवून खाल्ली."

फय्याज नुकताच तंबाखू मळून मोकळा झाला होता. त्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि लगेच खाली टाकला.

"या अल्ला, रक्त!"

त्याच्या बोटाखालचा पिवळा ठसा लालभडक झाला होता. गंगूबाई हसायला लागली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली असावी.

"येडा रे येडा. चुन्याचं बोट लावलं तू. हळदीले चुना लागला की कुंकू होते, तुह्या घरी कोनी सांगतलं नाही काय?"

देवमन हसले नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, आतून बाहेरून पाहिला, वास घेतला आणि रुमालात गुंडाळून ठेवला.

"साहेब, बाबूसिंगला ही टरफलं दाखवलीत?"

"त्याला दाखवून काय होणार? तो नाहीच म्हणणार."

"बरोबर," देवमन म्हणाले, पण त्यांचा स्वर काही बरोबर म्हणणाऱ्याचा नव्हता.

·

बाबूसिंग शाळेच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, वाळका, डोळे मात्र सारखे खिडकीबाहेरच्या गवताकडे.

"गायरान कधी सोडलंस?"

"दिवस बुडाच्या आंदी. मी रोज त्याच टायमाले भावाच्या इथं भाकर खायाले जातो, साऱ्या गावाले माईत हाय. काल भाकर राह्यली, खाट उचलली. परत आलो तं रातचे नऊ वाजले होते. कंदील घेऊन पाह्यलं. अंडे नव्हते."

"आणि कोंबडीची अंडी तूच ठेवलीस."

बाबूसिंगने पहिल्यांदाच खिडकीवरची नजर काढली.

"हो. हुस्नाबानोच्या इथून चार आनले. चिखल लावला."

"म्हंजे फसवलंच की," फय्याज पुटपुटला.

"साहेबाले नाही फसवलं, भाऊ. तिले फसवलं." बाबूसिंगने खिडकीकडे बोट केलं. "मादी तिथंच फिरून राह्यली होती. रिकामी जागा पाह्यली की ती जाते, मंग येत नाही. आमचे बापजादे फासे लावाचे, तवा लाव्याच्या अंड्याच्या जागी गोटे ठेवाचे, पाखरू जागेवर राहावं म्हनून. मारासाठी शिकवलं होतं. मी राखासाठी केलं. म्हनलं, अंडे कोनी नेले ते सापडीन, पन मादी गेली तं मंग कायले सापडवाचे?"

"हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"कोनी विचारलं नाही. अन् पारध्याच्या तोंडातून असं निघालं तं कोन पतवनार?"

"टरफलं पाहिलीस?"

"कोन दाखोली?"

देवमनांनी रुमालातून तो तुकडा काढला. बाबूसिंगने तो तळहातावर घेतला, एकदा उलटवला आणि परत दिला. मग त्याने फक्त दोन शब्द सांगितले. ते फय्याजला ऐकू आले नाहीत, कारण तो तेव्हा खिडकीशी होता. गायरानाच्या मधोमध एक काळं पाखरू गवतातून सरळ पुरुषभर उंच उडालं, हवेत पंख फडफडवून पुन्हा खाली गेलं. मग पुन्हा उडालं.

"हे काय करून राह्यलं?"

"नर हाय," बाबूसिंग म्हणाला. "सांगून राह्यला, मी इथं हाय म्हनून."

·

हुस्नाबानोचं अंगण झाडून लख्ख होतं. कोपऱ्यात पाच-सात गावरान कोंबड्या.

"बाबूसिंग भाऊ रातीले आला, चार अंडे घेऊन गेला. मी साहेबाले तेवढंच सांगतलं. मले काय मालूम, त्याच्या गळ्यात जाईन म्हनून?" ती कळवळून म्हणाली. "माह्या पोराले साप चावला तवा यानंच पाला आनून देला होता. पन खोटं कसं बोलू?"

"खोटं बोलू नका. फक्त एक सांगा, आणखी कोणी काही नेलं होतं या आठवड्यात?"

"अंडे तं माणिकराव कायले नेईन, त्याच्या सरकारी पोल्ट्रीत तीनशे पांढऱ्या कोंबड्या हायेत. पन माही खुडूक कोंबडी घेऊन गेला. चार दिवस झाले. अंड्यावर बसाची खोड लागलेली, अंडं देत नाही ते. मी म्हनलं, सरपंच, याच्यापक्षा दुसरी न्या. तं म्हने, हेच पाहिजे. दुप्पट भाव देला."

"हिचंच काम हाय," बाहेर पडल्यावर फय्याज हळूच म्हणाला. "अंडेवाली, अंड्याची चोरी. सीधा हिसाब."

"हा तुझा दहावा."

पुढचं घर रहमतुल्लाचं. तो गवताचा व्यापारी. कारंज्याच्या टांगेवाल्यांना गवत पुरवणारा. गायरान बंद झाल्यापासून त्याला लांबून गवत आणावं लागे, आणि अनुदानाला त्याने गावसभेत उघड विरोध केला होता. दारात त्याची बैलजोडी सजून उभी होती, खांदे पिवळे.

"तुम्हीसुद्धा खांदशेकणी करता?" देवमनांनी विचारलं.

"काहून नाही? ते वर्षभर माह्यासाठी राबते, तं एक दिवस मी त्याइले शुक्रिया म्हनू नये काय?"

"गंगूबाईला गाडी दिली नाही म्हणे."

रहमतुल्लाने मान खाली घातली. "नाही देली. खांद शेकून झाले होते. ते दारातून गेली, अन् मले घास गिळेना. बैल जुपता येत नाही, पन मी तं जुपून घेऊ शकतो ना. खाटीले चार जन लागते. बाबूसिंग, त्याचा भाऊ हेमसिंग, गंगूचा पोरगा भिवाजी. चौथा मी होतो. हात धुवायचीबी सुद नव्हती, खाटीच्या माच्याले अजून हळद हाय."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगतलं. ते म्हने, नऊ वाजेपस्तोरचं ठीक, पुढं सारी रात बाकी हाय."

·

चार वाजता पोळा भरला. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली गावातल्या साऱ्या जोड्या, शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली. मानाची पहिली जोडी माणिकराव सरपंचाची. धोतर-सदरा स्वच्छ, माणूस गोड. कबऱ्या नावाचा उंच बैल त्याने स्वतः धरला होता. वाजंत्री सुरू झाली की बैल डोळे गरगर फिरवी, माणिकरावने मानेवर हात ठेवला की शांत होई.

"फार सुंदर जनावर," देवमन म्हणाले आणि हात पुढे केला.

"हां हां, हात लावू नका," माणिकराव हसत म्हणाला. "वासरू होतं तवापासून मीच वाढवला. जू गड्याच्या हातून घेते, पन माह्याशिवाय कोनाले अंगाले हात लावू देत नाही. मागच्या साली गड्यानं दुरून खरारा करून पाह्यला, तं बरगडी मोडून बसला बिचारा."

झूल जराशी सरकली होती. कबऱ्याचा खांदा हळदीने पिवळाजर्द दिसत होता, आणि फय्याजने मनापासून वाहवा केली.

"बाबूसिंगचं वाईट वाटतं," देवमन म्हणाले.

"मलेबी वाटते. पन जातीचा गुन कुठं जाते? मी साहेबाले पह्यलेच म्हनलं होतं, उघड्या गवतात पाखरू वाचवनं पारध्याच्या भरवशावर होत नाही. आता दुसरी योजना येऊन राह्यली. अंडे आनून कोंबडीखाली उबवाचे, पिल्लं वाढवाचे, केंद्राले अनुदान. माह्या पोल्ट्रीत जागा हाय. मी अर्जबी टाकला. गावचं नाव राह्यलं पाहिजे ना."

"काल संध्याकाळी तुम्ही गावात असता तर गंगूबाईला गाडी मिळाली असती."

"असतो तं देली असती. पन मी दुपारपासून कारंज्यातच होतो. साहेबाले विचारा."

देवमनांनी त्याचे आभार मानले, आणि फय्याजच्या मते गरजेपेक्षा जरा जास्तच वाकून मानले.

·

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. काळमेघसाहेबांच्या हातात लिहिलेला अहवाल होता, फक्त सही राहिली होती. बाबूसिंग पायरीवर बसला होता.

"सही करण्याआधी दहा मिनिटं द्या," देवमन म्हणाले. "पार्सल चुकलं की मी आधी हे पाहायचो, की पेटीत खरंच तोच माल आहे का. इथे कोणी पाहिलं नाही. ही टरफलं तणमोराची नाहीतच."

व्हरांड्यात कुजबुज झाली.

"तणमोराचं अंडं हिरवट तपकिरी, दोन्हीकडून गोल. हे मातकट, काळ्या डागांचं, एका टोकाला निमुळतं. हे टिटवीचं. काल बाबूसिंगला एक तुकडा दाखवला, त्याने क्षणात 'टिटवीचं हाय' असं सांगितलं. साहेब, तुमच्या जीपमध्ये पक्ष्यांचं पुस्तक आहे. ताडून पाहा."

काळमेघ स्वतः उठून गेले. पुस्तक घेऊन परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "टिटवीचंच आहे," ते म्हणाले.

"म्हणजे कोणीतरी टिटवीची अंडी फोडून बाबूसिंगच्या चुलीत टाकली. ज्याच्याकडे तणमोराची चार अंडी होती, त्याने तीच का नाही फोडली? कारण ती त्याला जिवंत हवी होती. आता हळद. भाजीची हळद टरफलाला लागत नाही. अंडं फोडून टरफल फेकतात आणि मग भाजी करतात. उकडलेलं असेल तर आत पांढरी पापडी राहते, ती इथे नाही. हे कच्चं फोडलंय, आणि हळद बाहेरून, लोण्यात कालवलेली, बोटांच्या ठशांसारखी. ज्याने ही अंडी फोडली त्याचे हात लोणी-हळदीचे होते. वडझिरीत असे हात वर्षातून एकाच संध्याकाळी असतात."

"खांदशेकणी," कोणीतरी म्हणालं.

"बाबूसिंगकडे बैल नाही. त्याच्या हाताला ही हळद लागणार कुठून? आणि चोराच्या हाताला ती ओली होती, म्हणजे चोरी रात्रीची नाही, संध्याकाळची. तेव्हा बाबूसिंगच्या खांद्यावर खाट होती."

फय्याजने छाती पुढे काढून मान डोलावली, जणू चुना त्याने मुद्दाम लावला होता.

"हळदीचे हात रहमतुल्लाचेही होते, पण ते खाटेच्या माच्यावर उमटलेत. मग टिटव्या पाहा. पोळ्याच्या सकाळपासून त्या माणिकरावांच्या बरडावर ओरडतायत, कारण अंडी गेलीत. आणि तीनशे कोंबड्यांचा मालक गावातून एक खुडूक कोंबडी दुप्पट भावाने का नेतो? सरकारी पांढऱ्या कोंबड्या अंडी देतात, पण उबवायला बसत नाहीत. ज्याला अंडी उबवून घ्यायचीत, त्याला गावरान खुडूकच लागते."

माणिकराव हसला. हसू जागेवर बसलं नाही. "मी कारंज्यात होतो. साहेब सांगतील."

"साहेबांनी तुम्हाला दुपारी पाहिलं आणि सकाळी पाहिलं. कारंजा ते वडझिरी तुमच्या मोटारसायकलीला तासाचीही वाट नाही. ती संध्याकाळ तुमचा कबऱ्या सांगतो. परवा चार वाजेपर्यंत तो डवऱ्याला होता, गंगूबाई त्याच वावरात निंदत होत्या. म्हणजे त्याला धुऊन खांदा शेकला तो त्यानंतर. आणि जू ठेवू दिलं तरी तुमच्याशिवाय तो कोणाचा हात अंगाला लागू देत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग त्याच्या खांद्याला हळद कोणी लावली?"

सगळा व्हरांडा माणिकरावकडे पाहू लागला.

"खांदा कोरडा राहिला असता तर मी काही सिद्ध करू शकलो नसतो," देवमन आवाज खाली आणून म्हणाले. "बाबूसिंग रोज त्या वेळी भाकरीला जातो, तेवढ्यात काम उरकून तुम्ही परत कारंजा गाठणार होतात. इकडचं अनुदान बंद पडलं की पोल्ट्रीचा अर्ज पुढे. पिल्लं निघाली की दुसरीकडे सापडलेली अंडी वाचवली, असं सांगायचं. सगळं नीट ठरवलं होतं. पण गावाबाहेरच्या तुमच्या गोठ्यावरून जाताना बैलाला आवतण न देता निघणं तुम्हाला जमलं नाही. तेवढ्यापुरती तुमच्याबद्दल मला आपुलकी वाटते."

माणिकरावने उपरण्याने कपाळ पुसलं. तो म्हणाला, "वीस वर्षात एकबी खांदशेकणी चुकली नाही माही." एवढंच.

पोल्ट्रीच्या मागच्या कोठीत टोपल्याखाली हुस्नाबानोची कोंबडी फुगून बसली होती. काळमेघ हात घालणार तेवढ्यात थांबले आणि बाजूला सरले. "बाबूसिंग, तुम्ही काढा."

बाबूसिंगने चारही अंडी एकेक करून कानाशी धरली. चौथ्याशी तो जरा जास्त थांबला.

"जीव हाय," तो म्हणाला. "चौघाइतबी हाय."

·

ती सारी जणं गायरानाच्या कडेला उकिडवी बसली. बाबूसिंग एकटा गवतातून आत गेला. भुरकी मादी त्याच्या चाहुलीने चार पावलं बाजूला झाली, उडाली नाही. त्याने कोंबडीची अंडी उचलली, तिची तिला दिली, आणि आला तसा मागे सरकत आला. गवत मिनिटभर हललं, मग हलायचं थांबलं.

"बसली," तो म्हणाला.

गंगूबाईने हात जोडले. कोणाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. रहमतुल्ला तिच्याशेजारी बसून डोळे पुसत होता आणि गवताची कुसळं गेली असं सांगत होता. फय्याजने तर सरळच रडून घेतलं.

काळमेघांनी अहवालाचे तुकडे केले. नवा कागद काढला. अनुदान सुरू ठेवावं, असं त्यावर लिहिलं. राखणदाराने मादीला जागेवर टिकवून ठेवलं नसतं तर सापडलेली अंडीही वाया गेली असती, हेही लिहिलं आणि ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग ते उठले आणि बाबूसिंगसमोर जाऊन उभे राहिले.

"तुमचे आभार मानायला मी कारंज्याहून यायला हवं होतं, आणि मी बेड्या घालायला निघालो होतो. एकदा तरी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

असं आजवर बाबूसिंगला कोणी म्हटलं नव्हतं. तो गवताकडे पाहत राहिला.

"आता विचारा ना, साहेब," तो म्हणाला. "दोन साल झाले, मले या पाखराबद्दल बहुत काही सांगाचं हाय."

काळमेघांनी वही उघडली आणि त्याच्याशेजारी गवतात बसले.